ईव्हीडी सांभाळताना: आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरांसाठी

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत, म्हणजे व्हेन्ट्रिकलमध्ये, पाण्यासारखा नितळ द्रव सतत तयार होत असतो. मोठ्या माणसात तासाला साधारण २० मिली, दिवसाला ४५० ते ५०० मिली. डोकं आणि मणका मिळून एका वेळी तो असतो मात्र १५० मिलीच्या आसपास. जितका बनतो तितका रक्तात शोषला जातो, म्हणून चालतं. ही वाट अडली की पोकळ्या फुगतात, मेंदूवर दाब वाढतो आणि पेशंट गुंगीत जातो. कोकणातल्या आयसीयूत असे पेशंट येतात ते बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झालेले, माडावरून किंवा आंब्यावरून पडलेले, महामार्गावर दुचाकी घसरून डोक्याला मार बसलेले, टीबीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) झालेले. त्यांच्यातल्या काहींना न्यूरोसर्जन कवटीला छोटं भोक पाडून बारीक नळी पोकळीत सोडतात आणि द्रव बाहेरच्या पिशवीत काढतात. हा ईव्हीडी, एक्स्टर्नल व्हेन्ट्रिक्युलर ड्रेन.

या यंत्रणेत पंप नाही, मोटर नाही. द्रव किती येणार हे ठरतं ते डोक्यातल्या दाबावर, आणि पेशंटचा कान व ड्रेनचा चेंबर (द्रव थेंबाथेंबाने पडून मोजला जातो ते नळकांडं) यांच्या उंचीतल्या फरकावर. ईव्हीडीच्या बहुतेक गडबडी उंची चुकल्याने किंवा तोटी भलत्या स्थितीत राहिल्याने होतात. पुढचं सगळं डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरच्या आत राहून करायचं आहे. तुमच्या रुग्णालयाचा लेखी नियम वेगळा असेल तर तोच पाळा.

आधी नळी बोटाने वाचा

ड्युटी घेतली की डोक्यापासून पिशवीपर्यंत नळीवरून बोट फिरवा. टाळूजवळ, बहुधा उजव्या बाजूला, नळी आत गेलेली दिसेल. तिथून ती कातडीखालून काही सेंटीमीटर सरकवून दुसऱ्या छिद्रातून बाहेर काढलेली असते. जंतूंना थेट मेंदूपर्यंत जाता येऊ नये म्हणून हा वळसा. बाहेर आल्यावर ती टाक्यांनी बांधलेली असते. पुढे पहिली तीन-मार्गी तोटी, मग लांब नळी, कुठे नमुना घेण्याचं रबरी बूच, मग मोजमापाच्या खुणा असलेला चेंबर. चेंबरच्या डोक्यावर हवेचा फिल्टर. चेंबरखाली चिमटा किंवा तोटी आणि सगळ्यात खाली पिशवी. हे सगळं एका पट्टीच्या स्टँडवर चढवलेलं असतं. पट्टीवर शून्य असतं आणि वर-खाली दोन मोजमापं: एका बाजूला सेंटीमीटर पाणी, दुसऱ्या बाजूला मिलीमीटर पारा.

ही दोन मोजमापं गोंधळ घालतात. १० मिमी पारा म्हणजे १३.६ सेंमी पाणी. ऑर्डरमध्ये नुसतं ‘ड्रेन १० ला’ लिहिलं असेल तर तिथेच थांबून विचारा, कुठले १०? राउंडच्या घाईत हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो, तरी विचारायचा आणि उत्तर फाइलवर लिहून घ्यायचं.

पूर्ण ऑर्डरमध्ये चार गोष्टी हव्यात. चेंबर कानापासून किती वर, ड्रेन सतत उघडा की ठरावीक वेळीच, तासाला जास्तीत जास्त किती मिली काढायचं, आणि कुठला आकडा गाठला की डॉक्टरांना फोन करायचा. पुष्कळ ठिकाणी सुरुवात १० ते १५ सेंमी पाणी आणि तासाला १० ते १५ मिलीची मर्यादा अशी असते. धमनीचा फुगा फुटून रक्तस्राव झाला असेल आणि तो अजून बंद केलेला नसेल, तर चेंबर मुद्दाम आणखी वर ठेवतात. दाब एकदम उतरला तर तो फुगा पुन्हा फुटू शकतो.

लेव्हल लावणं

शून्याची खूण पेशंटच्या कानाच्या भोकासमोर यायला हवी. भोकाच्या पुढे जो छोटा उंचवटा असतो, ट्रेगस, तो धरा. उताण्या पेशंटमध्ये आतल्या पोकळ्या साधारण याच पातळीत येतात. कुशीवर असेल तर कान उपयोगाचा नाही, तेव्हा दोन भुवयांच्या मधली जागा धरा.

१. पलंगाचे ब्रेक लावा. डोक्याकडची बाजू ३० अंश, मान सरळ. वाकड्या मानेने मानेतल्या शिरा दबतात आणि दाब उगाच वाढतो.

२. पेशंटजवळची तोटी बंद करा.

३. स्टँडचं शून्य ट्रेगसच्या पातळीत आणा. नजरेचा अंदाज नको, उभं राहून बघितलं की हमखास चुकतो. लेसर असेल तर तो वापरा, नसेल तर पट्टीवर ठेवायची पाणसळ. तीही नसेल तर गवंडी चिऱ्याचा थर लावताना वापरतात तो पाण्याचा पाइप आठवा. नव्या आयव्ही सेटच्या नळीचा तुकडा सलाइनने अर्धा भरा, दोन्ही तोंडं उघडी ठेवून वर धरा, दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं. हा तुकडा ड्रेनला कुठेही जोडायचा नाही, फक्त शेजारी धरायचा.

४. चेंबर ऑर्डरच्या उंचीवर सरकवा. पट्टीशी जुळवायची ती चेंबरच्या वरच्या बाजूला थेंब पडतो तिथली रेघ किंवा बाण. चेंबरमध्ये साठलेल्या द्रवाची पातळी किंवा पिशवीचं टोक जुळवणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

५. चेंबरचा स्क्रू घट्ट करा, दोरी असेल तर बांधा.

६. तोटी उघडा आणि अर्धा मिनिट तिथेच उभे राहा. थेंब पडला पाहिजे, नाहीतर नळीतला द्रव नाडीबरोबर हलताना तरी दिसला पाहिजे.

७. वेळ, उंची, एकक आणि ‘उघडा’ असं लिहा.

लेव्हल एकदा लावून भागत नाही. शिफ्टच्या सुरुवातीला, दर तासाच्या नोंदीला, आणि पेशंट किंवा पलंग हलला की दर वेळी पुन्हा लावायची.

समजा चेंबर कानापासून १० सेंमी वर आहे. आजीला चहा पाजायचा म्हणून नातवाने पलंगाचा दांडा फिरवला आणि डोकं १५ सेंमी वर आलं. आता चेंबर कानाच्या ५ सेंमी खाली आहे. द्रव थेंबाथेंबाने यायचा तो धारेने येऊ लागतो. पोकळ्या आक्रसतात, मेंदू कवटीपासून ओढला जातो, मधल्या बारीक शिरा तुटून कवटीखाली रक्त साठू शकतं. उलट पलंग खाली केला तर चेंबर फार वर जातो, द्रव येणं थांबतं आणि दाब चढत राहतो. एक सेंटीमीटरची चूक म्हणजे एक सेंटीमीटर पाण्याचा दाब, सरळ हिशेब.

म्हणून दांडा, रिमोट आणि ड्रेनचा स्टँड यांना सिस्टरशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे नातेवाइकांना पहिल्याच भेटीत सांगा. वॉर्डातल्या मावशी-मामांना तर आवर्जून सांगा. फरशी पुसताना स्टँड बाजूला सरकवणारे हात त्यांचेच असतात. पलंगावर मोठ्या अक्षरांत मराठीत पाटी लावा: ‘डोक्यात नळी आहे. पलंग वर-खाली करण्याआधी सिस्टरना बोलवा.’

दर तासाला काय बघायचं

आधी पेशंट, मग नळी. जीसीएस (पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचे गुण) आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्याशिवाय चेंबरचा आकडा वाचू नका. द्रव व्यवस्थित येत असूनही पेशंट बिघडू शकतो.

मग उंची, तोटी उघडी की बंद, तासाभरात आलेले मिली, रंग आणि नळीतली हालचाल. आकडा लिहून झाला की खालचा चिमटा उघडून चेंबर पिशवीत रिकामा करा आणि चिमटा लगेच लावा. चेंबर भरत ठेवला तर तासाचा हिशेब लागत नाही. पिशवी पाऊण भरली की बदलायची. तुडुंब भरू द्यायची नाही.

रंगाची सवय लवकर होते. नितळ असेल तर उत्तम. रक्तस्रावानंतर आधी लाल-गुलाबी, मग दिवसांगणिक पिवळसर होत जाणं अपेक्षित आहे. पिवळट झालेला द्रव पुन्हा लाल झाला तर नवा रक्तस्राव धरून ताबडतोब फोन. गढूळ, दुधट किंवा तंतू तरंगणारा द्रव म्हणजे जंतुसंसर्गाची शंका.

मॉनिटरला ट्रान्सड्युसर (दाब मोजणारं उपकरण) जोडलेला असेल तर एक लक्षात ठेवा: ड्रेन उघडा असताना दिसणारा दाबाचा आकडा खरा नसतो. तोटी अशी फिरवा की पेशंट फक्त ट्रान्सड्युसरला जोडलेला राहील, काही मिनिटं थांबा, आकडा लिहा, आणि ड्रेन परत उघडा. मोठ्या माणसात दाब १५ मिमी पाऱ्यापर्यंत साधारण समजतात. २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार लागतात. या ट्रान्सड्युसरला आर्टरी लाइनसारखी (धमनीतल्या नळीसारखी) दाबाने सलाइन सोडणारी प्रेशर बॅग कधीही लावायची नाही, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) तर नाहीच. ते पाणी सरळ मेंदूत जाईल.

पावसाळ्यात वीज गेली की मॉनिटर बंद पडेल, ड्रेन चालूच राहील. अशा वेळी आधी हातात टॉर्च घेऊन लेव्हल बघा. विजेवरच्या पलंगाची स्थिती कुणीतरी मध्येच बदललेली असू शकते.

बंद करायचं, आणि उघडायचं

पेशंटला कुशीवर वळवताना, बसवताना, फिजिओथेरपीला, ट्रॉलीवर घेताना, सीटीला नेताना आधी तोटी बंद. सक्शनच्या (श्वासनळीतला कफ ओढून काढण्याच्या) वेळी काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. दाब जास्त असलेल्या पेशंटमध्ये काही सर्जन ड्रेन उघडाच ठेवायला सांगतात.

बंद करायला कुणी विसरत नाही, पुन्हा उघडायला विसरतात. आंघोळ-चादर झाली, जेवणाची गाडी आली, दुसरा पेशंट अलार्म देऊ लागला, आणि ड्रेन तासभर बंद राहिला. यावर साधा नियम: ज्याने बंद केला त्यानेच उघडायचा, आणि मधल्या काळात पलंग सोडायचा नाही. सोडावाच लागला तर तोंडी सांगून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा.

सीटीला जाताना चेंबर आधी रिकामा करा आणि उभाच धरा. आडवा झाला की वरचा हवेचा फिल्टर भिजतो. भिजलेल्या फिल्टरमधून हवा जात नाही आणि ड्रेन अडतो, मग परत आल्यावर कारण शोधत बसावं लागतं. किती मिनिटं बंद ठेवलेला चालेल हे विचारूनच निघा.

द्रव येईना

घाबरून आधी डॉक्टरांना फोन करण्यापेक्षा दोन मिनिटांत नळी तपासा. पेशंट मात्र आधीपेक्षा गुंगीत असेल, बाहुल्या असमान असतील, उलट्या होत असतील किंवा बीपी चढून नाडी मंदावली असेल, तर फोन आधी आणि तपासणी नंतर.

डोक्याकडून खाली या. मान वळली आहे का, नळी उशीखाली किंवा पलंगाच्या कठड्यात चेपली आहे का, प्रत्येक तोटी कुठल्या बाजूला आहे, नळीत रक्ताची गुठळी दिसते का, फिल्टर ओला आहे का, चेंबर ऑर्डरपेक्षा वर आहे का. सगळं ठीक असेल तर चेंबर काही क्षणांसाठी कानाच्या थोडा खाली आणा. एक-दोन थेंब पडले तर नळी मोकळी आहे, चेंबर लगेच जागेवर न्या. एकही थेंब नाही आणि नळीतला द्रव हलतही नाही, तर नळी तुंबली आहे. फोन करा.

सिरिंज लावून ओढायचं नाही, पाणी मारायचं नाही, नळी पिळायची नाही. ते काम न्यूरोसर्जनचं. तेसुद्धा अगदी एक-दोन मिली सलाइन, निर्जंतुक हातांनी, जपून सोडतात. ओढल्याने मेंदूचा नाजूक भाग नळीच्या छिद्रांत खेचला जाऊन रक्त येऊ शकतं.

उलट प्रकार: तासात २० मिलीपेक्षा जास्त आलं, किंवा चेंबर बघता बघता भरला. तोटी बंद करा, लेव्हल तपासा, जीसीएस घ्या, फोन करा. बंद करून ‘डॉक्टर येतील तेव्हा बघतील’ असं सोडू नका. बंद ड्रेनही तितकाच घातक आहे.

दिवसाला दोन-तीनशे मिली बाहेर जात असेल तर त्याबरोबर मीठही जातं. सोडियमचा रिपोर्ट रोज बघा आणि ड्रेनचा आकडा आउटपुटमध्ये धरा. लघवीचं माप लिहून ड्रेनचं विसरणारे चार्ट फार असतात.

जंतू, घाम आणि खोबरेल

ही बंद यंत्रणा आहे आणि जितक्या वेळा ती उघडाल तितकी जंतूंना संधी. कल्चरचा (जंतू वाढतात का ते बघण्याचा) नमुना डॉक्टर सांगतील तेव्हाच. ‘रोज एक पाठवून ठेवू’ या पद्धतीने निदान लवकर होत नाही, संसर्ग मात्र वाढतो. पिशवी बदलताना हात धुऊन, मास्क आणि निर्जंतुक हातमोजे घालून, जोड जंतुनाशकाने पुसून तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओलं जंतुनाशक नळीत शिरता कामा नये, ते मेंदूला अपायकारक आहे.

ईव्हीडीच्या नळीला दिसेल असं लेबल लावा: ‘मेंदूची नळी, औषध देऊ नये’. तीन-मार्गी तोटी सगळीकडे सारखीच दिसते. रात्री तीनला अँटिबायोटिकची सिरिंज चुकीच्या तोटीला लागणं अशक्य नाही. आयव्ही लाइन पलंगाच्या एका बाजूला आणि ड्रेन दुसऱ्या बाजूला ठेवता आला तर निम्मी भीती कमी.

ड्रेसिंग हा आपल्याकडचा खास प्रश्न. मे महिन्याचा घाम आणि जून-जुलैची दमट हवा, चिकटपट्टीच्या कडा सुटतात. भोवतालचे केस पुरेसे कापलेले हवेत आणि कातडी कोरडी करूनच पट्टी लावायची. नातेवाईक मायेने डोक्याला खोबरेल चोळतात. त्या तेलावर काहीच चिकटत नाही आणि जंतूही आत जातात. डोक्याला तेल नाही, हे पहिल्या दिवशीच सांगा. देवाचा अंगारा आणला असेल तर पुडी उशाशी ठेवायला सांगा, कपाळापासून टाळूपर्यंत काही लावायचं नाही. मान ठेवून सांगितलं तर कुणी हट्ट करत नाही.

ड्रेसिंग ओलं दिसलं की घाम समजून वर दुसरी पट्टी चढवू नका. ओलं ड्रेसिंग म्हणजे द्रवाची गळती, असंच धरून डॉक्टरांना दाखवा. गळणारी वाट जंतूंचीही वाट असते. ताप, ताठ मान, नव्याने गुंगी आणि गढूळ द्रव यांतलं एकही दिसलं तर तेव्हाच कळवायचं.

नळी सुटून आली किंवा जोड निसटला तर पेशंटकडचं टोक लगेच चिमटा किंवा तोटीने बंद करा, निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळा आणि हाक मारा. निसटलेलं टोक पुसून परत जोडायचं नाही. नळी डोक्यातूनच निघाली असेल तर भोकावर निर्जंतुक गॉज दाबून धरा. ती आत सरकवण्याचा प्रयत्न कुणीही करू नये.

घाटातून पाठवताना

कोकणातून अशा पेशंटला पुढे पाठवावं लागतं. चिपळूणहून कराडकडे कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरकडे आंबा घाट, सावंतवाडीकडून बेळगावला आंबोली. सिंधुदुर्गातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला गेलं तर घाट टळतो, खड्डे टळत नाहीत.

दोन टोकाच्या चुका ठरलेल्या. एक, चेंबर सलाइनच्या हुकाला छताजवळ टांगणं, म्हणजे काहीच येणार नाही. दुसरी, पिशवीसकट सगळं जमिनीवर ठेवणं, म्हणजे सगळं ओढलं जाईल. चेंबरचा स्टँड स्ट्रेचरलाच आणि कानाच्या अगदी जवळ बांधा. चेंबर पायांच्या दिशेला मीटरभर दूर असेल आणि रस्त्याचा चढ १०० ला ६ असेल, तर तेवढ्यानेच पातळी ६ सेंमीने चुकते. शिवाय वळणावर झोके बसतात ते वेगळेच.

निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या: प्रवासात ड्रेन उघडा ठेवायचा की बंद, बंद असेल तर सलग किती वेळ, मधे उघडायचा तर किती मिलीपर्यंत. पावसात दरड पडली तर दोन तासांची वाट पाच तासांची होते. इतका वेळ ड्रेन बंद ठेवून बसणं बऱ्याच पेशंटना झेपणार नाही. उघडण्याची वेळ झाली की गाडी सपाट जागी उभी करायला लावा, लेव्हल लावा, उघडा, ठरलेले मिली आले की बंद करा, नोंद करा, मग निघा. चालकाला हे आधीच सांगितलेलं असावं. सोबत एक पिशवी जास्तीची, दोन चिमटे, निर्जंतुक गॉज, टॉर्च. पलीकडच्या सिस्टरना देण्याच्या चिठ्ठीत उंची एककासह, शेवटच्या काही तासांचे मिली, रंग आणि ड्रेन कधी घातला ती तारीख.

काढण्याआधी आणि नंतर

पेशंट सुधारला की डॉक्टर चेंबर टप्प्याटप्प्याने वर नेतात, किंवा सरळ २४ तास बंद ठेवून बघतात. या दिवसांत तुमची तासाची नोंद सर्वांत महत्त्वाची. डोकं दुखणं, उलटी, जीसीएस घसरणं, दाब वाढणं, किंवा नळीच्या कडेने द्रव झिरपणं, यांतलं काहीही झालं तर चाचणी फसली. ऑर्डरप्रमाणे ड्रेन उघडून कळवा. झिरपणं हे कारण नवीन माणसं सोडून देतात, पण आतला दाब वाट शोधतो आहे याचीच ती खूण.

चाचणी पुनःपुन्हा फसली तर कायमचा शंट (द्रव शरीराच्या आतच दुसरीकडे वळवणारी नळी) बसवावा लागतो, आणि त्यासाठी द्रवात संसर्ग नसावा लागतो. तुमच्या हातधुण्याचा हिशेब इथे लागतो. खर्चाच्या चिंतेत असलेल्या नातेवाइकांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे वेळीच पाठवा, शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी नको.

नळी डॉक्टरच काढतात आणि भोकावर टाका घालतात. पहिले २४ तास जीसीएस आणि बाहुल्यांची नोंद आधीसारखीच चालू ठेवा, उशीचा अभ्रा पांढरा घाला म्हणजे ओल चटकन दिसते. घरी सोडताना नातेवाइकांना सांगा: टाक्यातून पाणी झिरपलं, ताप आला, मान आखडली, माणूस जास्त झोपाळू झाला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर पुढच्या ओपीडीच्या वाराची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, १०८ ला फोन करून निघायचं.